वाडीवरच्या पोरांसाठी शाळेची गाडी: आधी यादी, मग वेळ, शेवटी गाडी

एसटीत कंट्रोलर (आगारातून गाड्या वेळेवर सोडणारा) म्हणून नोकरी झाली. आता निवृत्त आहे आणि सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यात कुठल्या गावाला शाळेसाठी गाडी सुरू करायची असली की शाळा व्यवस्थापन समितीवाले, सरपंच, कधी हेडमास्तर कागद घेऊन अंगणात येतात. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, "आण्णा, गाडी कुठली घ्यावी?" मी म्हणतो, गाडीचं शेवटी बोलू. यादी आणलीय का?

यादी म्हणजे हजेरीपटाची झेरॉक्स नव्हे. हजेरीपट इयत्तेप्रमाणं असतो आणि गाडी वाडीप्रमाणं धावते. म्हणून एकेका वाडीचं एकेक पान करा. त्यावर पोराचं नाव, इयत्ता, मुलगा की मुलगी, घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत किती चालावं लागतं आणि घरातला कुणाचा फोन लागतो. (नंबर असणं वेगळं आणि फोन लागणं वेगळं. वरच्या वाड्यांवर रेंज कुठल्या कट्ट्यावर येते तेही लिहून ठेवा.) त्याच पानावर खाली आणखी एक रकाना करा: गेल्या वर्षी शाळा सोडलेली किंवा आठवड्यातून दोन-तीन दिवसच येणारी पोरं. गाडीची खरी गरज तिथं असते आणि ती हजेरीपटात दिसत नाही. सातवी झाली की मुलगी घरी बसते, कारण आठवीचं हायस्कूल खिंडीच्या पलीकडं असतं. एखादं पोर पायानं अधू असेल, तर तेवढ्यासाठी थांबा घराजवळ घ्यावा लागेल. तेही आत्ताच लिहा.

चालत जायची सवयच असते पोरांना, असं म्हणणारा एकजण प्रत्येक बैठकीत भेटतो. कायद्याचं म्हणणं तसं नाही. शिक्षण हक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत धरलेली आहे. त्यापलीकडं राहणाऱ्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानात वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जातो, आणि त्यालाही हीच वाडीवार, अंतरासहित यादी लागते. आपल्याच जिल्ह्यात, जावळी तालुक्यात, खिरखंडीच्या मुली कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात स्वतः होडी वल्हवत पलीकडं जायच्या आणि पुढं जंगलातून चालत अंधारीची शाळा गाठायच्या. त्याची दखल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून घेतली. तेव्हा सवय आहे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

यादीनंतर शाळेची वेळ लिहून घ्या, आणि ती एक नसते हे लक्षात ठेवा. सोमवार ते शुक्रवारची वेगळी, शनिवारची सकाळची वेगळी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. त्यामुळं एकाच आवारात धाकटे आणि थोरले वेगळ्या वेळेला येत असतील तर एका गाडीला दोन फेऱ्या पडतात. दहावीचे जादा तास सुरू झाले की संध्याकाळची वेळ पुन्हा बदलते. गाडी ठरवताना शनिवार हमखास विसरतात. मग शनिवारी अकराला शाळा सुटते आणि पोरं पाचच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसतात, नाहीतर उसाच्या ट्रॉलीला लोंबकळत घरी जातात.

एसटीकडं फेरी मागू नका, वेळ मागा

एसटीत होतो म्हणून नाही सांगत, पण स्वतःची गाडी घ्यायच्या आधी एसटीचं दार वाजवाच. विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्साच भरायचा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. तुमच्या यादीत निम्म्याहून जास्त मुली असतील, आणि वरच्या वाड्यांच्या यादीत बहुतेक वेळा असतातच, तर खाजगी गाडीनं त्यांच्यावर फुकटचा बोजा टाकण्यात अर्थ नाही. २०२४ च्या जूनपासून पास थेट शाळेत आणून द्यायची पद्धत सुरू झाली, त्यामुळं पासाच्या रांगेत दिवस मोडायचंही कारण उरलेलं नाही. धाकट्याला सोडायला आई बरोबर गेली तरी तिला मार्च २०२३ पासून अर्धंच तिकीट.

आता मागायचं कसं. गावकरी आगारात येतात ते थेट "आमच्या गावाला नवीन गाडी द्या" म्हणत. नवीन फेरी म्हणजे गाडी, ड्रायव्हर, कंडक्टर, डिझेल सगळं नवीन. आगार व्यवस्थापकाच्या हातात तेवढं नसतं, आणि तुमचा अर्ज ढिगात जातो. त्यापेक्षा तुमच्या रस्त्यावरून आज कुठल्या गाड्या कधी जातात ते आठवडाभर पिकअप शेडमध्ये बसून लिहून काढा. अनेकदा गाडी असते, पण शाळा भरायच्या वेळेनंतर दहा-पंधरा मिनिटांनी असते. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं अलीकडं ओढून मागा.

ही वीस मिनिटंही दिसतात तितकी सोपी नसतात. प्रत्येक गाडीचं दिवसाचं शेड्यूल असतं: सकाळी इकडं, तिथून तालुक्याला, दुपारी तिसऱ्याच गावाला, संध्याकाळी परत. तुमची फेरी अलीकडं सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात आणि पुढच्या गावचे लोक अर्ज घेऊन येतात. म्हणून आधी कंट्रोलरकडं चहाच्या वेळेला जा (सकाळी गाड्या सुटायच्या घाईत नको) आणि त्या गाडीचं अख्खं दिवसाचं शेड्यूल विचारा. कुठं ती उगाच उभी राहते ते शोधा. "ही गाडी अमुक ठिकाणी अर्धा तास थांबते, तो थांबा नंतर घेतला तर आमची शाळा साधते," असं म्हणून गेलात तर अधिकारी खुर्ची पुढं ओढून ऐकतो.

अर्जाला ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र आणि थांब्यानुसार मुलांची संख्या जोडा. एक प्रत आगारात, एक विभाग नियंत्रकांकडं, आणि दोन्हींवर पोच घ्या. अर्ज एप्रिलमध्येच गेला पाहिजे. जूनमध्ये शाळा भरल्यावर सगळेच येतात.

मुक्कामी गाडीचा विचार जरूर करा. गाडी रात्री शेवटच्या गावात मुक्कामाला आली तर सकाळची पहिली फेरी आपोआप शाळेच्या वेळेला बसवता येते. पण ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला कोरडी खोली, पाणी, संडास लागतो. ज्या गावानं खोली दिली तिथली मुक्कामी टिकली. जिथं त्यांना देवळाच्या ओसरीवर डास मारत झोपावं लागलं, तिथली गाडी काही ना काही कारणानं बंद पडली. ग्रामपंचायतीनं एक बल्ब, एक पंखा आणि दाराला आतून कडी एवढं केलं तरी पुष्कळ. गाडी वळवायलाही जागा हवी. शेवटच्या थांब्यावर शेणखताचे ढीग, खडी, कुणाचा तरी ट्रॅक्टर असं पसरलेलं असलं की ड्रायव्हर दोन दिवस रिव्हर्स घेतो आणि तिसऱ्या दिवशी अलीकडच्याच गावातून परत फिरतो. रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या तुम्हीच तोडून घ्या.

एसटी नाहीच जमली तर

मग स्वतःची किंवा ठेक्याची गाडी. वडापवाल्यांशी (जीपमधून सीटवर भाडं घेऊन माणसं नेणाऱ्यांशी) माझं वैर नाही. अडीनडीला, रात्री-अपरात्री दवाखान्याला तेच धावतात. पण पांढऱ्या नंबरप्लेटच्या जीपमध्ये रोज भाडं घेऊन पोरं नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते किंवा दिलेले पैसे गाडीमालकाकडून वसूल करायला निघते. मालकाकडं विकायला असते ती जमीन. हे त्याला आणि पालकांना समोरासमोर बसवून सांगा. बऱ्याचदा तोच माणूस परवाना काढून पिवळ्या प्लेटची गाडी घ्यायला तयार होतो, कारण रोजचं ठरलेलं भाडं त्यालाही हवंच असतं.

महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे वेगळे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. खेड्यात ही समिती कागदावरच राहते. तिच्यात दोन पालक असे घ्या की ज्यांची पोरं शेवटच्या वाडीवरून येतात. गाडी उशिरा आली की तेच आधी विचारतील.

कागद बघताना ठेकेदाराच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, कर, या सहाही गोष्टींच्या तारखा गाडीचा नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर दिसतात. आमच्याकडं कराडची एमएच ५०, साताऱ्याची एमएच ११ आणि सांगलीची एमएच १० अशा तिन्ही गाड्या फिरतात. नंबर कुठलाही असो, फिटनेसची तारीख बघा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. खेड्यात येणारी स्कूल बस बहुतेक वेळा शहरात वापरून झालेलीच असते, तेव्हा दरवर्षीचं धरूनच चाला.

मग गाडी हातानं तपासा. पिवळा रंग आणि शाळेचं नाव तर लांबूनही दिसतं. मी पहिल्यांदा मागचं आपत्कालीन दार उघडायला सांगतो. दहा गाड्यांतल्या निम्म्यांत ते गंजून बसलेलं, नाहीतर त्याच्यापुढं स्टेपनी ठेवलेली. अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचा. खिडकीच्या आडव्या दांड्या हलवून बघा. वेगनियंत्रक तोडून ठेवलेला नाही ना, ते मेकॅनिककडून बघून घ्या. आणि सीट तितकीच मुलं. मागच्या ढोल्यात चार पोरं बसतील की, असं म्हणणाऱ्याला ठेका देऊ नका.

गाडी लांबीनं मोठी घ्यायचा मोह होतो. वरच्या वाड्यांच्या वळणांवर वीस-सव्वीस सीटची गाडी बरी. तीन वाड्यांची पोरं जास्त असतील तर तिनंच दुसरी फेरी मारावी.

पैशाचा हिशेब: रिकामं पळणं

सगळ्यात जास्त पैसा रिकाम्या गाडीत जळतो. समजा शेवटची वाडी शाळेपासून अठरा किलोमीटर. गाडी शाळेच्या गावात राहत असेल तर सकाळी १८ रिकामे जाताना, १८ भरून येताना, संध्याकाळी पुन्हा तसंच. रोजचे ७२ किलोमीटर. तीच गाडी शेवटच्या वाडीवर मुक्कामाला ठेवली आणि दिवसभर शाळेच्या आवारात उभी केली तर रोजचे ३६. महिन्याचे २४ दिवस धरले, लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर पहिल्या पद्धतीत १५,५५२ रुपये आणि दुसऱ्या पद्धतीत ७,७७६. आकडे तुमच्या गाडीप्रमाणं बदला, पण निम्मा फरक राहतोच. एसटीच्या मुक्कामीचंच हे गणित आहे. म्हणून ड्रायव्हर शेवटच्या वाडीचाच शोधा. तो दिवसभर काय करणार हा प्रश्न उरतो. शाळेची बाजारहाट, पोषण आहाराचा तांदूळ आणणं, असं काम त्याच्याकडं देता येतं. पगार मात्र दोन फेऱ्यांचा नाही, दिवसाचा द्या.

डिझेल सोडून बाकीचा खर्च गाडी उभी असली तरी चालू असतो: ड्रायव्हरचा पगार, विमा, कर, कर्जाचा हप्ता. शाळा साधारण दहा महिने आणि हा खर्च बारा महिने. मे महिन्याचा पगार द्यायचा नाही असं ठरवलंत तर जूनमध्ये तुमचा चांगला ड्रायव्हर कुठल्यातरी कंपनीच्या बसवर गेलेला असेल. म्हणून बारा महिन्यांचा खर्च काढून त्याचे दहा हप्ते पाडा. टायर आणि क्लचसाठी वेगळी रक्कम बाजूला टाका. घाटरस्त्यात क्लच कधी जाईल सांगता येत नाही.

वसुली महिन्याच्या एक तारखेला लावणं हा नोकरदारांचा विचार झाला. आमच्याकडं पैसा दुधाच्या बिलाला येतो, दर दहा दिवसांनी. पालकांची लेखी संमती असेल तर सोसायटीच्या सचिवाशी बोलून दुधाच्या बिलातूनच तिसरा हिस्सा वळता करता येतो. ज्याच्याकडं दूध नाही, ऊस आहे, त्याला कारखान्याच्या बिलाची वाट बघावी लागते, त्याचं वेगळं पान ठेवा. दोन्ही नसलेली घरं असतात. तिथली पोरं वाहतूक भत्त्यात बसतात का हे आधी बघा. काही झालं तरी पैसे थकले म्हणून पोराला रस्त्यावर उतरवायचं नाही, हे ठेक्याच्या करारातच लिहून घ्या.

वेळापत्रक आणि थांबे

वेळापत्रक शाळेच्या प्रार्थनेपासून मागं मोजत जायचं. प्रार्थनेच्या दहा मिनिटं आधी गाडी फाटकात, तिथून मागं एकेक थांबा. मोटारसायकलवरून वेळ मोजू नका. गाडीच घेऊन, खरोखर प्रत्येक थांब्यावर थांबून मोजा, आणि तेही आठवडी बाजाराच्या दिवशी. रस्ता सरळ असेल तर लांबची वाडी सकाळी पहिली आणि संध्याकाळी शेवटची, त्याला इलाज नाही. पण मार्ग गोल असेल तर संध्याकाळीही गाडी सकाळच्याच दिशेनं फिरवा, म्हणजे पहिलं चढलेलं पोर पहिलं उतरतं. यावरून गावात भांडणं होतात, आणि हे एवढं केलं की मिटतात.

दारोदार थांबू नका, प्रत्येक थांब्याला वेळ जातो. पण थांबा वळणावर, उताराच्या तोंडाला किंवा देशी दारूच्या दुकानासमोर नको. शक्य तितकी पोरं रस्ता न ओलांडता घरी पोचतील अशी बाजू निवडा. पोराला धोका गाडीच्या आत कमी आणि उतरल्यावरच्या पहिल्या मिनिटात जास्त असतो. ते गाडीच्या मागून पळतं आणि समोरून मोटारसायकल येते. म्हणून गाडीतली मदतनीस मावशी आधी उतरणार, पोरं मोजून उतरवणार, ओलांडायचं असेल तर हात धरून गाडीच्या पुढून नेणार, आणि तिनं हात केल्याशिवाय ड्रायव्हर गिअर टाकणार नाही.

मावशी लागतेच. गाडीत मुली असतील तर महिला सहायक हवीच. ती आणि ड्रायव्हर दोघांचीही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, ओळखीचा असला तरी. "आमच्या भावकीतला आहे" हे कागदाला चालत नाही. ड्रायव्हरचे डोळे दरवर्षी तपासा. मावशीकडं वही: चढले किती, उतरले किती. आणि फेरी संपल्यावर तिनं शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, वाकून सीटखाली बघायचं. पहिलीतलं पोर दप्तरावर डोकं ठेवून कुठंही झोपतं. थांब्यावर न्यायला कुणी आलं नसेल तर पोराला तिथं सोडायचं नाही. प्रत्येक वाडीवर एक घर आधीच ठरवून ठेवा, तिथं द्यायचं आणि आईबापाला फोन करायचा. गाडीत मोठ्या अक्षरात तीन नंबर चिकटवा: १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ पोलिसांचा, १०९८ मुलांच्या मदतीचा.

पाऊस आणि ऊस

आमच्या भागात या दोन गोष्टी वेळापत्रक मोडतात. जुलैत फरशी पुलावरून पाणी चाललं की ड्रायव्हरवर दोन्हीकडून दबाव येतो. या काठाला पालक म्हणतात घाल, त्या काठाला शाळा म्हणते उशीर झाला. नियम लेखी करा: पाणी फरशीवर आलं की गाडी जागेवर थांबेल, आणि हा निर्णय ड्रायव्हरचा असेल. सरपंच, हेडमास्तर, ठेकेदार कुणीही त्याला घाल म्हणायचं नाही. अशा दिवशी पोरं कुठं थांबणार हेही आधीच ठरलेलं हवं, शाळेत की अलीकडच्या गावच्या समाजमंदिरात. धरणातून विसर्ग सोडायची सूचना येते तेव्हा तलाठी आणि पोलीस पाटलांना आधी कळतं. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्रायव्हर असलाच पाहिजे. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, त्यानंतर घाटाकडच्या वाड्यांना रेड अलर्टच्या दिवशी गाडी न्यायचीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाळी झाली की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्ता ट्रॉल्यांचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर. संध्याकाळी दिवस लवकर मावळतो आणि गाडी याच वेळेला परतत असते. नोव्हेंबर ते मार्च गाडी पंधरा मिनिटं आधी सोडता येते का ते शाळेशी बोला. कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायला आणि शाळा सुटायच्या वेळी तुमच्या रस्त्यावरची वाहतूक अर्धा तास थांबवायला लेखी सांगा. स्लिपबॉय (कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणारा) आपल्याच गावचा असतो, त्याला सांगितलेलं ऑफिसला सांगितल्यापेक्षा लवकर पोचतं. फलटण-लोणंद भागातल्यांनी माउलींच्या पालखीचे दिवसही वेळापत्रकात आधीच मांडून ठेवावेत, आणि सगळ्यांनीच आपापल्या गावच्या जत्रेचे. जत्रेला ड्रायव्हरही गावचाच असतो.

दिवाळीच्याच सुमाराला बीडकडून तोडकरी, म्हणजे ऊसतोड मजूर, येतात. रानात त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात आणि त्यांची शाळेच्या वयाची पोरं फडात उसाच्या मोळ्या वाहत असतात. जूनच्या यादीत ती नसतात. वर्षाच्या मध्यात आली तरी त्यांना वयानुसार वर्गात दाखल करून घ्यावं लागतं, आणि तुमची गाडी रोज त्यांच्या कोप्यांवरूनच जाते. म्हणून जूनमध्ये सीटा वाटताना चार-पाच मोकळ्या ठेवा, दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात मुकादमाला गाठून पोरांची नावं वाडीच्या पानावर चढवा आणि फड हलला की थांबाही हलवा. फड कुठं हलणार हे त्या आठवड्याची तोड कुणाला मिळाली यावरून कळतं. स्लिपबॉयला विचारा.